उखळातली पपई

"हिला दवाखान्यात टाक आन तशीच ष्ट्यांडवर जा. सांगोल्याची गाडी धर. पुन्यांदा या दारात दिसू नगंस."

असं म्हणून आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूनं, दांडीवरची माझी दोन लुगडी ओढली आणि टांग्यात फेकली. टांग्यात माझी धाकटी जाऊ सुमन आडवी पडली होती. तिला आठवा महिना होता आणि तिच्या पातळातून रक्त गळून फळीवर येत होतं. तिनं माझा पदर मुठीत धरला होता. तो सुटत नव्हता म्हणूनच मी टांग्यात होते. नाहीतर आत्याबाईंनी मला तिच्या जवळपास उभं केलं नसतं.

दुपारची वेळ होती. गल्लीतल्या बायका हातातलं काम टाकून उंबऱ्यावर आल्या होत्या. आत्याबाईंनी सगळ्यांना दिसेल असं आत बोट केलं. जमिनीत बसवलेलं आमचं दगडी उखळ दारातून दिसायचं. त्यात कुटलेली कच्ची पपई होती.

"ही चारली हिनं तिला. सोताचं टिकंना, दुसरीचंबी बघवंना."

मी गप्प बसले. ती पपई मी खाल्ली होती, सुमननं नाही. तेवढं सांगायला कितीसा वेळ लागतो? पण ते सांगणं माझ्यासाठी गप्प बसण्याहून वाईट होतं. का, ते गावाकडं राहिलेल्या माझ्या बहिणींना मी कधी सांगितलं नाही. माझ्यासारख्या निघून आलेल्या बायकांनाही नाही. आता लिहिते. मी चौथी शिकलेली आहे, जमेल तसं लिहिते.

आम्ही सांगोला तालुक्यातले. बहात्तरच्या दुष्काळात गाव सोडलं. विहिरीचा तळ दिसायला लागला, बैलं छावणीत गेली, मी खडी फोडायला जाऊ लागले. तिथंच माझं पहिलं पोट पडलं. मग माझे मालक, म्हणजे नवरा, म्हणाले, सोलापूरला गिरणीत काम बघतो. निघताना माझी आई एसटीपर्यंत आली होती. ती रडली नाही. "जा. तितं नळाला पानी हाय," एवढंच म्हणाली.

सांगोल्याहून सोलापूर म्हणजे काही परदेश नव्हे. त्यामुळं मला करमतं का, असं कुणी विचारलं नाही. लग्नात माझं गजरा हे नाव काढून शालन ठेवलं, तेव्हाही कुणी विचारलं नव्हतं. सात रस्त्याच्या पलीकडं दोन खोल्या मिळाल्या. रेशनला तांबडी मिलो ज्वारी यायची. तिची भाकरी थापताना चिरायची आणि खाताना घशात अडायची. आमच्या काळ्या पट्टीतल्या ज्वारीची भाकरी दुरडीत नुसती झाकून ठेवली तरी घरभर वास सुटायचा. तो मला रोज आठवायचा. आठवून काय करणार? मिलो मळायला बसायचे.

मग सुमन आली.

माझा दीर दत्तू मुंबईच्या एका कापड व्यापाऱ्याकडं होता. त्या व्यापाऱ्यानं त्याला बँकॉकच्या दुकानात पाठवलं. दुकान बंद पडलं तेव्हा दत्तू परत आला, तो बायको घेऊनच. तिचं नाव सोमजाय. आत्याबाईंनी पहिल्याच दिवशी तिचं सुमन केलं. नाव बदललंय हे तिला कळलं तेव्हा ती रडली. तिची समजूत काढायला गल्लीतल्या चार बायका आल्या. एकीनं तिच्या डोक्याला तेल लावलं. एकीनं स्वतःच्या डोक्यातला गजरा काढून तिला माळला. मी सगळ्यांसाठी चहा केला.

मी सरळच लिहिते, मला तिचा हेवा वाटायचा. गोरी होती म्हणून नाही, तशा आमच्याकडंही गोऱ्या आहेत. तिला सगळे विचारायचे म्हणून. तुला काय आठवतं गं, तुला काय खावंसं वाटतं गं. ती खुणा करून सांगायची आणि सगळं घर तिच्या तोंडाकडं बघत बसायचं.

दत्तूला तर दुसरा विषय नव्हता. जेवायला बसला की बोटांवर मोजून सांगायचा.

"वैनी, जेवणात पैला लंबर थायलंड. दुसरा चीन. तिसरा मद्रास."

"मद्रास देश हाय व्हय रं?" आत्याबाई विचारायच्या.

"तू गप ए आई."

"आन आपला लंबर कितवा?" मी विचारलं.

"आपलं काय वैनी, भाकरी आन कालवान. त्येला काय लंबर लावायचा?"

ताटात माझी भाकरी होती, ती मोडत मोडतच तो हे बोलला. तिच्या खाण्याला देश होता. माझ्या खाण्याला नुसतं गाव होतं, तेही कोरडं पडलेलं.

तिचं जेवण शोधायला तो तिला मुंबईला घेऊन गेला. कुठल्यातरी चिनी हॉटेलात तिच्यापुढं शेवया आल्या. तिनं एक घास घेतला आणि ताट सारलं. "चीन. आमचं न्हाय." आगगाडीचा प्रवास करून दोघं उपाशी परत आली. माझ्यासाठी सांगोल्याची पायलीभर ज्वारी आणायला कुणी उठलं नव्हतं, आणि हिच्यासाठी मुंबई.

शेवटी तिचं जेवण तिला माझ्याच घरात सापडलं. चहाला लावलेला गवती चहा तिनं दाराशी बघितला आणि मुळासकट उपटून नाकाला लावून बसली. बाजारातून सुका जवळा आणला, तो मिठात भिजवून त्याचं पाणी कालवणात घालायला लागली. घराला असा वास मारायचा की मालक जेवणाआधी बिडी ओढायला बाहेर जायचे. एका रविवारी आत्याबाईंच्या तुळशीची पानं ओरबाडून तिनं कोंबडीत टाकली.

"अगं, ती देवाची हाय!" आत्याबाई किंचाळल्या.

"आमच्यात भाजीची हाय," ती म्हणाली. चार महिन्यांत एवढं मराठी तिला आलं होतं.

मला वाटलं, आता हिची धडगत नाही. मी एकदा सोवळ्याच्या तांब्याला हात लावला तर दोन दिवस माझ्याशी कुणी बोललं नव्हतं. आत्याबाई उठल्या, तेलाचा रिकामा डबा शोधला, त्यात माती भरली आणि तुळशीची फांदी खोचली. "ही देवाची. ही तुजी. हिकडची तोडलीस तर हात मोडीन." असं म्हणून हसल्या. मी भाकरीचं पीठ मळत होते. माझ्यासाठी त्यांनी कधी काही लावलं नव्हतं.

उखळ मात्र माझं होतं. शेंगांची चटणी मी त्यात कुटायचे, गल्लीतल्या बायका नाव काढायच्या. सुमननं ते बघितलं आणि गुडघ्यावर बसून त्यावरून हात फिरवला. मग शेजारच्या नरसव्वाच्या झाडाची कच्ची पपई मागून आणली. नरसव्वा म्हणजे तेलुगू विणकरांच्या घरातली बाई, मागितलं की देणारी. सुमननं पपईचा कीस काढला. लसूण, हिरवी मिरची, गूळ, लिंबू, जवळा, भाजलेले शेंगदाणे. ती कुटायची, पण आमच्यासारखी दणकून नाही. एका हातात मुसळ, दुसऱ्या हातात पळी, हलकं हाणायचं आणि लगेच परतायचं. सोमतम म्हणायची ती त्याला. आत्याबाई म्हणायच्या पपईचा ठेचा.

पहिलं वर्षभर मी त्याला बोटही लावलं नाही. त्याच वर्षी माझं दुसरं पोट पडलं. सुमननं माझ्या पायाशी बसून रात्रंदिवस माझं केलं, त्याचाही मला राग आला.

पुढं सुमनला दिवस गेले. आत्याबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं, कच्ची पपई बंद. पोटुशीनं खाल्ली की पोट पडतं, हे आमच्याकडं शेंबड्या पोरीलाही माहीत असतं. सुमन म्हणाली, "आमच्यात समद्या खात्यात." पण दत्तूनं हात जोडले तेव्हा तिनं खाणं सोडलं.

खाणं सोडलं, कुटणं सुटेना. आत्याबाई दुपारी कलंडल्या की ती उखळाशी बसायची आणि माझ्यासाठी कुटायची. मी खायचे, ती माझ्या तोंडाकडं बघत राहायची.

"अक्का, तिखट?"

"व्हय."

"आंबट?"

"जरा कमी हाय."

मग ती लिंबू पिळायची. माझ्या जिभेवरून तिचं चालायचं. मला आधी ते विचित्र लागलं, मग आवडायला लागलं, मग त्याशिवाय दुपार जाईना. तिच्यादेखत खाताना मला बरं वाटायचं, हेही लिहिते. नवरा डोक्यावर घेणारा, सासू हसून बोलणारी, पोटात पोर. सगळं तिच्याकडं होतं. एवढी एक वाटी माझ्याकडं होती.

आता कळलं असेल, मी उंबऱ्यावरच्या बायकांसमोर गप्प का बसले. "मी खाल्ली" म्हटलं असतं तर आत्याबाईंनी विचारलं असतं, कवापासनं? आणि मग माझी दोन्ही पोटं का पडली याचा निकाल तिथंच रस्त्यावर लागला असता. हिचं हिनंच पाडलं, म्हणाले असते. बोलले तर माझ्या पोरांची मारेकरी, नाही बोलले तर सुमनच्या. मालकांनी तेवढ्यावरून दुसरी केली असती आणि कुणी त्यांना नाव ठेवलं नसतं.

टांगा दवाखान्यात पोचला. मागून आत्याबाई, दत्तू आणि गिरणीतून बोलावलेले मालक आले. डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि म्हणाल्या, वार खाली आहे, पोट उघडून मूल काढावं लागेल.

"पपई चारली तिला, बाई," आत्याबाई म्हणाल्या.

"खाण्यानं नाही झालं हे. वार आधीपासूनच खाली होती."

"शिकल्याल्या बायास्नी पपईचं काय ठावं?" आत्याबाई माझ्याकडं बघून पुटपुटल्या.

सुमनला चाकाच्या गाडीवर घातलं होतं. तिनं मान वळवली. अंगात जीव नव्हता, पण सगळ्यांना ऐकू गेलं.

"मी न्हाय खाल्ली. अक्का खाती. रोज अक्का खाती."

मला वाचवायला बोलली ती. तिला बिचारीला काय माहीत. गाडी आत गेली, दार लागलं.

आत्याबाई माझ्याकडं वळल्या. "तू? रोज?"

"व्हय."

"कशापायी?"

काय सांगणार होते? सुमनसाठी चव बघत होते, असं सांगता आलं असतं. ते खोटंही नव्हतं.

"मला आवडती," मी म्हणाले.

त्या घरात मला काय आवडतं हे तोवर कुणाला माहीत नव्हतं. मलाही तोंडानं म्हणून बघायची सवय नव्हती. मालक जमिनीकडं बघत होते.

"तरीच," आत्याबाई म्हणाल्या.

"तरीच काय? पैलं पोट खडी फोडताना पडलं. तुमीबी व्हता की शेजारी. तितं पपईचं झाड व्हतं का? पानी तरी व्हतं का? दुसरं पडलं तवा मी ह्या पपईला शिवलेबी न्हवते. इचारा सुमनला, वाचली तर."

आत्याबाई भिंतीला टेकून खाली बसल्या. मीही बसले, जरा लांब. सांगोल्याची गाडी कधी सुटली असेल ते कळलं नाही. मला जा असं पुन्हा कुणी म्हणालं नाही, थांब असंही नाही.

पोरगी झाली. मांजराच्या पिलाएवढी, पण रडली. मी दवाखान्यात सुमनजवळ राहिले. तिला घेऊन घरी आले तेव्हा टांग्यात रक्तानं भरलेली माझी दोन लुगडी दांडीवर वाळत होती. आत्याबाईंनी धुतली होती. डाग पुरते गेले नव्हते. उखळही धुऊन पालथी वाटी झाकून ठेवलं होतं.

"खायची तर बाजारातनं आनून घरात खा," त्या चुलीकडं तोंड करून म्हणाल्या. "त्या नरसव्वाच्या दारात सारखी मागत फिरू नगंस. लोक काय म्हणतील?"

याहून जास्त त्या कधी बोलल्या नाहीत. मीही विचारलं नाही. मला पुढं मूल झालं नाही.

ती पोरगी आता पुण्यात नोकरी करते. परवा तिनं आम्हा दोघी म्हाताऱ्यांना थायलंडच्या जेवणाच्या हॉटेलात नेलं. काचेच्या वाटीत सोमतम आलं, वर एक फूल. सुमननं घास घेतला आणि वाढणाऱ्याला म्हणाली, "साखर लई झाली. आमच्या घरी चांगलं व्हतं."

"घरी म्हंजे तिकडं व्हय?" मी विचारलं.

"तिकडं कुटं? हितं, सोलापुरात. तुमच्या उखळात की."

मला तेव्हाही हेवा वाटला. तिचं वाईट का होईना, हॉटेलात मिळतं. आमच्या काळ्या पट्टीत आता डाळिंबं आहेत, ती ज्वारी कुणी पेरत नाही. दत्तूनं तिच्या भाकरीला कितवा नंबर दिला असता हे विचारायचं राहिलं, कारण त्यानं ती मन लावून कधी खाल्लीच नाही. पण तुझं घर कुठलं असं पोरीनं विचारलं तेव्हा मी सांगोलं म्हणाले नाही. जिथं माझी लुगडी परत दांडीवर आली, ते म्हणाले. तिला ते कळलं नाही, सुमनला कळलं.

आत्याबाई गेल्या, मालक गेले, दत्तूही गेला. त्या दुपारी टांग्यात सुमन होती, तिच्या पोटात पोर होती, आणि मी होते. आम्ही तिघी आहोत.