रिंकीचा आराम

रिंकी पटले हिची ही शेवटची पोलीस भरती होती. पुढच्या भरतीपर्यंत तिचं वय निघून जाणार होतं. याआधी दोनदा ती ग्राउंडवर गळाली. आठशे मीटरच्या शेवटच्या वळणावर पाय जड व्हायचे आणि मार्क जायचे. अभ्यासात तिचा हात धरणारं गावात कोणी नव्हतं, पण लेखीला बसायचं तर आधी धावून दाखवायला हवं, असा सरकारी न्याय.

गोंदिया जिल्ह्यात दरेकशाकडच्या त्यांच्या गावात भरतीची पोरंपोरी पहाटे डांबरी रस्त्यावर जीव तोडून धावतात. रोज. जो ओकला तो शूर. रिंकीही तशीच धावायची. मग फौजेतून निवृत्त झालेले चंद्रकुमार सर शिकवायला लागले आणि त्यांनी सगळंच उलटं केलं. रिंकीचा भाऊ उमेंद्र रायपूरला कंपनीत असतो. त्याने तिला छातीचे ठोके दाखवणारं घड्याळ पाठवलं होतं. ती ते नुसतं मिरवत होती. सरांनी ते कामाला लावलं.

"एकशे चाळीसच्या वर ठोका गेला की चालायचं, समझी? हफ्त्यातून एकदाच जोर लावायचा. बाकी दिन आराम से."

"सर, एवढ्या हळू तं म्हशी चालतेत."

"मग म्हशींच्या मागं चाल."

ती चालली. बारकी पोरं हसत पुढे निघून गेली, तिने दात खाल्ले आणि चालली. उन्हाळा सरेपर्यंत गंमत झाली. तेवढ्याच ठोक्यांत ती पहिल्यापेक्षा भराभर धावू लागली. सकाळी अंथरुणातून उठायच्या आधी पाहिलेला आकडा साठच्या आसपास आला. सरांचं सगळं लक्ष त्या आकड्यावर. तो वाढला, की कालचा थकवा अजून अंगात आहे असं समजायचं.

मग पाऊस पडला, धानाची रोवणी लागली आणि तो आकडा ऐंशीवर चढून बसला. हळू धावलं तरी घड्याळ कोकलायचं. अंग असं शिणलेलं की बुटाची नाडी बांधायचाही कंटाळा यावा. सर चिडले.

"चोरून धावतेस का?"

"मायची शपथ, नाही सर."

"मग दिवसभर करतेस काय?"

"काहीच नाही. रोवणीले जातो."

काहीच नाही! तिकडे असंच म्हणतात. धावणं ही मेहनत, आणि दिवसभर बांधीतल्या, म्हणजे भातखाचरातल्या चिखलात कमरेत वाकून धानाचे परे, म्हणजे रोपं लावणं हे बाईचं रोजचं, ते कोण मोजणार? रिंकीनेही मोजलं नव्हतं. उलट बांधीत उतरायच्या आधी ती घड्याळ काढून डब्याच्या पिशवीत ठेवायची, चिखल लागू नये म्हणून. घड्याळाच्या हिशोबात ती दिवसभर कुठे नव्हतीच.

सरांनी एक दिवस ते घालून जायला लावलं. संध्याकाळी फौजी माणसाने मोबाइलवरची ठोक्यांची रेघ दोनदा तपासली. गुडघाभर चिखलातून पाय उपसताना तिचा ठोका धावताना असायचा जवळजवळ तिथेच होता, आणि तोही दिवसभर.

"सकाळी इथे धावतेस, मग दिवसभर तिथे धावतेस, और पूछती है पैर भारी क्यों," ते म्हणाले. "रोवणी नाहीतर ग्राउंड. दोन्ही होणार नाही."

बोलायला काय जातं? मजूर मिळत नाहीत म्हणून गावच्या बाया एकमेकींकडे रोवायला फिरतात. आज तुमच्या बांधीत, उद्या आमच्या. पटलेंकडून दोघी जायच्या. एक कमी झाली तर आपल्या बांधीतही एक बाई कमी येणार. वडील लक्ष्मीचंद चिखलणी करून मोकळे झाले होते. परे लावायला पुरुष वाकत नाही. का वाकत नाही, ते त्याला जाऊन विचारा.

"तुह्या वाटचं मी करतो," आई राजकुमारी म्हणाली. "तू झोप."

रिंकी झोपली. भर रोवणीत गाव रिकामं आणि ही धडधाकट बाई खाटेवर. असा आराम वैऱ्याच्याही वाट्याला येऊ नये. शेजारची नंदाबाई जाता जाता टोमणा मारून गेली, "काऊन वो, घरी बाळंतीण हाय का?"

"हाय," राजकुमारी म्हणाली. "तुले काय करायचं?"

आकडा हळूहळू उतरला. आई मात्र सगळ्यांच्या आधी परे उपटायला जायची, सगळ्यांच्या मागून घरी यायची आणि ओसरीवर जी टेकायची ती जेवायलाही उठायची नाही. एका संध्याकाळी रिंकीने घड्याळ काढलं आणि तिच्या मनगटावर बांधायला घेतलं. आईने हात ओढून घेतला.

"मले नको लावू."

"पाहू तं दे माय, किती आहे."

"पाहून काय करशील? अन् मले समजलं तं मी काय करू?"

रिंकीला रडू आवरेना. "उद्या मी येतो बांधीत," ती म्हणाली.

"आली तं पाय तोडीन. माही मेहनत पाण्यात घालून राहिली का?"

भरतीच्या दिवशी गोंदियाच्या ग्राउंडवर घड्याळं बाहेर ठेवायला लावली. रिंकी दम राखून निघाली. शेवटच्या वळणावर ती पाय जड व्हायची वाट पाहत राहिली, पण ते झाले नाहीत. पुढच्या तिघींना मागे टाकून ती रेघेपार गेली. पूर्ण मार्क. कुंपणाबाहेर चंद्रकुमार सर चक्क नाचले.

तिने घरी फोन लावला. आईने बऱ्याच वेळाने उचलला. ती बांधीतच होती. मागे बायांचा कालवा चालला होता.

"माय, झालं! पूर्ण मार्क भेटले!"

पलीकडून काहीच येईना. आई रडत असेल असं वाटून रिंकीही रडायला लागली.

"बरं झालं," शेवटी राजकुमारी म्हणाली. तिचा आवाज अगदी कोरडा होता. "मंग उद्या येशील ना बांधीत? मले आता नाही होऊन राहिलं, बाई."

इतक्या वर्षांत आईच्या तोंडून हे रिंकीने कधी ऐकलं नव्हतं.

"येतो ना," ती म्हणाली, आणि सरांसाठी न थांबता स्टेशनाकडे निघाली.