शाईच्या डबीचं झाकण

माझे वडील हरसूलच्या शाळेत मास्तर होते. बाजाराच्या दिवशी आसपासच्या पाड्यांवरची माणसं मीठ-मिरची घेऊन झाली की शाळेच्या ओट्यावर येत, कमरेची घडी सोडून कागद काढत आणि म्हणत, "गुरुजी, एवढं वाचा." कधी नोटीस असे, कधी अर्ज, कधी नाशिकच्या दवाखान्यातला कागद. बाबा ओळींवरून बोट फिरवत सावकाश सगळं वाचून दाखवत. मग चष्मा कपाळावर चढवून म्हणत, "आता तू मला सांग, यात काय लिहिलंय."

माणूस बावरून जाई. गुरुजींनी वाचलं, आता आपण आणखी काय सांगायचं? पण अंगठ्याच्या शाईची डबी बाबांच्या समोर असे आणि तिच्या झाकणावर त्यांचा डावा तळहात. समोरच्यानं आपल्या बोलीत सगळं सांगेपर्यंत तो हात काही उचलला जात नसे. मला या प्रकाराची चीड यायची. बाजार उठायला आलेला, मला गोडीशेव घ्यायची असायची, आणि बाबा एकेकाची परीक्षा घेत बसलेले.

एक बाई मला पक्की आठवते. तिशीची असेल. पिशवीचं ऑपरेशन करायचं म्हणून दवाखान्यानं तिला कागद दिला होता. बाबांनी तो वाचला आणि नेहमीचा प्रश्न विचारला.

"सुई देतील, निजवतील, मंग बरी व्हईन," ती म्हणाली.

"आणि पुढं?"

"पुढं काय नाय."

बाबांनी कागद पुन्हा वाचला. या खेपेला एक ओळ त्यांनी दोनदा वाचली. मग बाई हळूच म्हणाली, "मंग मला पोर व्हायचं नाय."

"घरी बोललीस का?"

"नाय."

बाबांनी कागदाची घडी करून तिच्या हातात दिली. पुढच्या बाजाराला ती नवऱ्याला घेऊन आली. दोघांनी आळीपाळीनं सगळं सांगितलं, तेव्हा कुठे झाकण उघडलं. बाबांनी तिचा अंगठा स्वतःच्या बोटांत धरला, शाईवर टेकवला, कागदावर डावीकडून उजवीकडे फिरवला. तिचा हात कापत होता, त्यांचा नाही. नंतर जुन्या धोतराच्या फडक्यानं त्यांनी तिचा अंगठा पुसून दिला. ते सगळ्यांचाच पुसायचे, नाहीतर लोक शाई डोक्याच्या केसांना पुसत.

एवढ्या वर्षांनी हे सांगायचं कारण म्हणजे मी केलेला गाढवपणा.

निवृत्तीनंतर बाबा माझ्याकडे नाशिकला, इंदिरानगरात राहायला आले. दोन वर्षांपूर्वी त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. डॉक्टरांनी कंपवात सांगितला. बाबांनी तो हात सदऱ्याच्या खिशात घातला आणि मला बजावलं, "हे कुणाला सांगायचं नाही." त्यांचं अक्षर हा हरसूलमध्ये बोलण्याचा विषय होता. रोज सकाळी फळ्यावर ते सुविचार लिहीत आणि तो पुसायला मुलांचा हात धजत नसे. त्याच सुमारास जुन्या विद्यार्थ्यांनी शाळेत मेळावा ठरवला. गुरुजींनी यावं आणि फळ्यावर पूर्वीसारखी एक ओळ लिहावी, एवढीच त्यांची मागणी होती. बाबांनी फोनवर सांगितलं, गुडघे साथ देत नाहीत. रोज संध्याकाळी बागेला तीन फेऱ्या मारणारा माणूस! मी हसले, पण ते हसले नाहीत. त्या पोरांच्या डोळ्यांत आपलं अक्षर होतं तसंच राहू दे, एवढंच त्यांना हवं होतं. आणि मीच ते घालवलं.

गोळ्या घड्याळाच्या काट्यावर घ्यायच्या होत्या. कुणीतरी एक ॲप सुचवलं, वेळ झाली की ते आठवण करतं म्हणे. मी ते बाबांच्या फोनवर घेतलं, आजाराचं नाव भरलं. मग एक लांबलचक मजकूर आला. बोटानं वर ढकलत राहिले तरी संपेना. खाली "मान्य आहे" होतं, ते दाबलं. पुढे "आपल्या आप्तेष्टांना जोडा" आलं. आप्त म्हणजे मी, असं मी धरून चालले आणि तेही दाबलं. कुकरची शिट्टी होत होती, हेही खरं.

बाबांच्या फोनमध्ये अर्धं हरसूल होतं. भेटायला येणारा प्रत्येक विद्यार्थी स्वतःचा नंबर स्वतःच त्यात घालून जायचा. त्या सगळ्यांना बाबांच्या नावानिशी निरोप गेला, की हे कंपवातासाठी आमचं ॲप वापरत आहेत, तुम्हीही सामील व्हा.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा चहा पीत असताना पहिला फोन आला. त्यांनी तो स्पीकरवर घेतला. पलीकडे मेळावा ठरवणारा विद्यार्थी होता, आता तोही साठीचा. "गुरुजी, तुमच्या त्या ॲपचा निरोप आला. तुमचा हात थरथरतो म्हनं? आन् तुमी तर गुडघ्यांचं सांगितलं व्हतं."

बाबांचा कप बशीत ठेवताना वाजला, तो आवाज पलीकडेही गेला असणार. त्यांनी फोन कट केला, माझ्यासमोर धरला आणि म्हणाले, "काय लिहिलं होतं त्या ॲपमध्ये? वाच."

मी शोधून काढलं आणि वाचायला लागले. आपण पुरविलेली संवेदनशील माहिती सेवावृद्धीच्या हेतूने संलग्न भागीदारांसमवेत सामायिक केली जाऊ शकते. असं पानंच्या पानं. मराठीच होतं म्हणायचं. माझी अख्खी नोकरी सरकारी कागदांत गेली, मसुदे लिहिण्यात माझा हात धरणारं कुणी नव्हतं, पण दुसऱ्या परिच्छेदातच माझी जीभ अडखळली.

"आता तू मला सांग," बाबा म्हणाले.

मी परत पहिल्या ओळीवर गेले.

"हे भागीदार कोण?"

"माहीत नाही."

"देतात की देत नाहीत?"

"ते नीट लिहिलेलं नाही, बाबा."

"मग दाबलंस का?"

"सगळेच दाबतात," मी म्हणाले, आणि म्हणताक्षणी मला स्वतःची इतकी लाज वाटली की त्यांच्याकडे बघवेना. ते रागावले असते तर बरं झालं असतं. मला त्या ओट्यावरची बाई आठवत होती. तिला अक्षर ओळखीचं नव्हतं, पण आपण कशावर अंगठा उठवतोय हे तिला ठाऊक होतं.

बाबा म्हणाले, "काढून टाक ते." खातं कायमचं काढण्याचं बटण शोधण्यात माझा अर्धा तास गेला. त्याच्याही वर मजकूर होताच. या वेळी मी तो शब्दन् शब्द वाचला, दोनदा वाचला. मग सांगितलं, "बाबा, यापुढे हे आपली माहिती घेणार नाहीत. पण जी गेली ती ज्यांच्याकडे गेली, त्यांच्याकडून परत येणार नाही."

त्यांनी मान हलवली. "हां. हे समजलं."

त्यांनी खिशातून उजवा हात बाहेर काढला. फोनच्या काचेवर अंगठा नेमका टेकेना. एकदा भलतंच पान उघडलं, एकदा काहीच झालं नाही. मग मी त्यांचा अंगठा माझ्या बोटांत धरला, हलू नये असा घट्ट, आणि जागेवर टेकवला. खातं गेलं.

हात सोडायच्या आधी मी पदराच्या टोकानं त्यांचा अंगठा पुसायला लागले. माझ्या लक्षातही आलं नाही.

"अगं, शाई कुठाय?" बाबा म्हणाले. पण त्यांनी हात मागे घेतला नाही.