परक्या कष्टांची दाढदुखी

कोरगावात कोणीही कसलेही जड काम करो, त्याचा निम्मा भार आमच्या शेजारच्या काकांचा जबडा उचलायचा. नारळ काढायला पाडेली माडावर चढला की काका खाली उभे राहून दात आवळायचे, ते त्याचे पाय जमिनीला लागेपर्यंत. चोपड्याच्या धक्क्याला फेरीबोट टेकताना तर ती आपणच दातांनी ओढून आणत असल्यासारखे त्यांचे गाल टणक व्हायचे. काकी सुईत दोरा ओवू लागल्या तरी तेच. मग संध्याकाळी कानाखाली ठणका, आणि दोष मात्र पोदेर भाजून आणायचा त्या कडक पावांना. हट्टाने एक चांगली दाढही त्यांनी काढून घेतली. ठणका जागच्या जागी.

आमचा प्रदेश घटकराज्य झाला त्या वर्षी देवळातल्या भजनाचे दिवस जवळ आले आणि काकांचे तोंड बोटभरही उघडेना. वर्षभर ते तिथे गायच्या आपल्या एका अभंगासाठी जगायचे. म्हापशाचे डॉक्टर म्हणाले, दात उत्तम आहेत, आवळणे तेवढे सोडा.

"माडार माणूस आसताना तोंड सैल कसा सोडू गो, बाय?" काकांनी मला विचारले.

"तो पडलो तर काय दातांनी धरतलास?" काकी आतून म्हणाल्या.

शेवटी काकांनी बघणेच सोडले. माडाकडे पाठ, फेरीबोटीत डोळे मिटलेले. जबडा सुटू लागला, पण असे पाठमोरे उभे राहिले की ते गावावर रुसल्यासारखे दिसायचे.

भजनाआधी मला नव्या राज्याविषयी चार शब्द वाचायचे होते. घरात बोलणे कोंकणी, देवासमोर मराठी, माझी शाळा इंग्रजी. आपण कशात अडखळणार हेही मला ठाऊक नव्हते. मी उभी राहताच पहिल्या रांगेतल्या काकांनी भिंतीकडे तोंड केले. बरे वाटले की वाईट, कळेना. तिसऱ्याच ओळीत मी अडकले. काका बघत नव्हते, पण ऐकत होते: त्यांच्या कानाखाली गाठ वर आली, खाली गेली, पुन्हा वर आली आणि तिथेच राहिली. ती पाहून मी कागद मिटला, नमस्कार केला आणि बसले.

काका गायले. आधी चाचपत, मग वरच्या सुराला पुरते तोंड उघडून.

प्रसाद घेताना म्हणाले, "अर्धाच वाचलंस गो?"

"तेवढाच होता."

ते माझ्याकडे पाहत राहिले. मग आपल्या वाट्याचे खोबऱ्याचे तुकडे माझ्या हातावर ठेवून म्हणाले, "खा. माका चावूक जड." एवढे गाऊन झाल्यावर कसले जड, हे मी विचारले नाही. आता विचारायला काकाही नाहीत.