राजाची उडी

आमच्या नगरच्या बुद्धिबळ क्लबात आम्हाला खेळ शिकवणाऱ्या काकांचा एकच नियम: चुकीची चाल केली की डाव गेला. एसटीत कंडक्टरकी करून रिटायर झालेला माणूस. तिकीट असो की नियम, सूट कुणालाच नाही. यावरून मी त्यांच्याशी किती वेळा भांडलो असेन! सुप्याच्या कंपनीत मशिनवर माझं डोकं तापतंच, ते रविवारी पटावरही तापायचं.

गेल्या वर्षापासून काकांना विसर पडायला लागला. एकदा तर घरचाच रस्ता चुकले. मुलानं त्यांचं बाहेर जाणं बंद करायचं ठरवलं, तेव्हा क्लबात येऊन काका हट्टाला पेटले. "आज डाव जिंकलो तर येत ऱ्हाईन. हारलो तर घरात बसन, पुन्हा नाव न्हाई काढणार." मुलगा शेजारी खुर्ची ओढून बसला. समोर खेळायला नेमका मी.

काकांनी किंग्ज गॅम्बिट मांडला. दुसऱ्याच चालीला प्यादं फुकट द्यायचं आणि स्वतःचा राजा उघडा ठेवून हल्ला चढवायचा. म्हातारा घाबरतोय थोडाच! मीही इरेला पेटून खेळलो. मुद्दाम हरलो असतो, तर त्यांनी ते ओळखलं असतं आणि पुन्हा माझं तोंड पाहिलं नसतं.

मग किल्लेकोट करायच्या, म्हणजे राजाला हत्तीच्या आडोशाला न्यायच्या वेळी त्यांनी राजा उचलला आणि घोड्यासारखा अडीच घरं उडवून ठेवला.

ही देशी बुद्धिबळातली चाल. तिथं राजाला एकदाच अशी उडी मिळते. काका मूळचे पाथर्डीकडचे. लहानपणी ऊसतोडीला गेल्यावर पाचटाच्या कोपीपुढं वडिलांनी त्यांना तो खेळ शिकवला होता. क्लबात मात्र ही चूकच, म्हणजे काकांचा डाव गेला. मुलाला खेळातलं काही कळत नव्हतं, तो मोबाईल बघत होता. एरवी मी केवढ्यानं ओरडलो असतो! पण आज ओरडायचं नव्हतं. मनात म्हटलं, चला काका, देशी तर देशी. आणि मीही माझा राजा तसाच उडवला.

काकांनी माझं मनगट धरलं.

"आरं, राजा असा उडतो व्हय? इतकी वर्सं काय शिकवलं तुला?"

मी त्यांच्या राजाकडं बघितलं. त्यांनी नाही बघितलं.

"चुकलो, काका. डाव गेला माझा."

"मग! नियम म्हंजी नियम." ते मुलाकडं वळले. "जिंकलो बघ. पुढच्या रविवारी लवकर आणून सोड मला."

कुणी बघायच्या आत मी पटावरून आधी त्यांचा राजा उचलला.