टांगलेल्या पोत्यातला जोगवा

देवावर माझा विश्वास नव्हता असे नाही, पण कॉन्व्हेंटात शिकल्यापासून मोजमापावर अधिक होता. माझी आठ वर्षांची बहीण शालू हिचा कणा वाकत चालला होता. हनुवटीखालून पट्टा घालून, टाचा जमिनीवरून जेमतेम सुटतील इतके तिला रोज थोडा वेळ वर ओढायचे, असे डॉक्टरांनी सांगितले होते. कॅम्पातल्या खोगीर शिवणाऱ्याने चामड्याचा पट्टा करून दिला. वडिलांनी तुळईला कप्पी बसवली. डॉक्टरांची इंग्रजी चिठ्ठी घरात मला एकटीलाच वाचता येई. तिच्यात लिहिले होते, आधी मुलीच्या दुप्पट वजन दिवसभर टांगून पाहा.

मी जोंधळ्याचे पोते टांगले. पट्टा आणि दोर जोडणाऱ्या लोखंडी कडीला सकाळपासून कितीदा बोट लावले असेल! काही हलत नव्हते. शालू उंबऱ्यावर बसून बघत होती.

"आक्का, पोत्याला दुखत असंल का गं?"

मी पुन्हा कडीला बोट लावले.

दुपारी दारात जोगतीण आली, डोक्यावर देवीची परडी. घरातले बाकीचे धान्य दळायला गेले होते. पोत्यातले काढले तर वजन बदलेल, म्हणून मी हळूच म्हणाले, "उद्या या."

आई आतून आली. "मंगळवारचा यल्लम्माचा जोगवा माघारी लावतीस?"



जोगतीण आत डोकावली. "पोत्याला फाशी कशापायी गं बाय?" आईने सांगितल्यावर ती हसली. "पोतं गप ऱ्हातंय. पोर ऱ्हाईल व्हय?"

आईने मूठ भरायला पोते आपल्याकडे ओढले. ते झुलले, दोराला हिसका बसला, आणि कडी सांध्यात उघडली. पोते धाडकन खाली! जोंधळे घरभर झाले. शालू खिदळत ते वेचू लागली. मी मात्र उघडलेली कडी उचलून पाहिली. उद्या तिथे तिची मान असती.

जोगतीण परडी भरून गेली. तिच्या लेखी काहीच घडले नव्हते. मी माझ्या तपासणीत देवीला जागा ठेवली नव्हती. देवीने ती मूठभर जोंधळे मागून करून घेतली.

नवी कडी आली, तेव्हा मी पोते पुन्हा टांगून त्याला स्वतः दोन्ही हातांनी हिसके दिले. मग पहिली मूठ देवीसाठी बाजूला काढली, शालूला पट्टा घातला आणि डोळे न मिटता दोर ओढला. तिच्या टाचा जमिनीवरून सुटल्या. कडी टिकली.