भट्टीवरच्या पावण्याला इंग्रजीत काय म्हणायचं?

जोतिबाची शपथ, यातलं अक्षर न् अक्षर खरं आहे. काही किस्से तर मी रजेवर असतानाही स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेत! शिरोलीतल्या आमच्या फाउंड्रीमागं जळकी वाळू साठायची, तसे हे साठत गेले. कुणी उचलून नेत नाही आणि टाकवतही नाहीत.

मी बी.ए. इंग्रजी. त्यामुळं ऑफिसात शब्द शोधायचं काम माझ्याकडं.

*

नव्वदच्या सुमाराला आम्हाला एकच शब्द पुरायचा: जॉबवर्क. मशिनिंग बाहेरून, जॉबवर्क. पेंटिंग बाहेरून, जॉबवर्क. खंडेनवमीला पूजेला भटजी आले, तेव्हा मालकांनी एका गिऱ्हाइकाशी ओळख करून दिली, "हे आमचे भटजी. जॉबवर्कवर हायत!"

*

पुढं बंडूअण्णा लेबर पुरवायला लागले. मालकांनी मला विचारलं, "ह्याला काय म्हनायचं?"

"सबकॉन्ट्रॅक्ट. काम आपलं, माणूस अण्णांचा."

"आणि माणूस भाजला तर?"

"तरी अण्णांचाच."

मालक खूश! "लई ग्वाड शब्द हाय की ओ!"

अण्णांनी मला चहा पाजणं त्या दिवसापासून बंद केलं.

*

दोन हजारनंतर परदेशी गिऱ्हाईक आलं. ऑर्डर मोठी. मिळाली तर भट्टी चालणार, नाहीतर गेटला कुलूप. त्यांची अट एकच: कारखान्यातला प्रत्येक माणूस कुणाचा ते सांगा. परमनंट, सबकॉन्ट्रॅक्ट की आउटसोर्स?

सगळ्यांना शब्द मिळाला. एक माणूस उरला. वितळलेलं लोखंड बाहेर सोडायला भट्टीचं तोंड फोडणारा. डोक्याला ओलं पोतं गुंडाळलेला, वर्षानुवर्षं तिथंच.

मी विचारलं, "अण्णा, ह्यो तुमचा न्हवं?"

"माझा? ओ, मी तर तुमचा परमनंट समजत हुतो!"

"मग पगार कोण देतंय?"

अण्णांनी माझ्याकडं बघितलं, मी अण्णांकडं.

शेवटी त्यालाच गाठलं. "पावणं, तुम्ही कुणाकडनं?"

पोत्याआडून आवाज आला, "मालकांनीच बोलवलंय की."

*

मालकांना हे सांगितलं, तर त्यांनी ऑफिसचं दार लावून घेतलं आणि जुनी गोष्ट सांगितली.

फाउंड्री नवीन होती तेव्हा एकदा भट्टी जाम झाली होती. आतलं लोखंड गोठायला लागलं, कामगार पळाले. मालक एकटेच भट्टीपुढं उभे राहून ओरडले होते, "आरं, कुनीबी या, पर एवढं तोंड फोडा!"

"मग?"

"मग कुनीतरी आलं."

"कुठनं?"

मालकांनी उलट मलाच विचारलं, "असं बोलवल्याला इंग्रजीत काय म्हनत्यात?"

मी डिक्शनरी उघडली. परत मिटली.

"आउटसोर्स तेवढं म्हनू नका," मालक म्हणाले. "बाहेरचा म्हटलं आणि गेला, तर भट्टी कोन फोडनार?"

*

गिऱ्हाइकाचा साहेब आला. भर दुपार, भट्टी पेटलेली. एकेकाला बघत, विचारत तो भट्टीपुढं आला आणि त्यानं पोतंवाल्याकडं बोट केलं. मी तोंड उघडायच्या आत मालक ओरडले, "परमनंट, साहेब! परमनंट!"

तोंड फुटलं. लोखंडाची लालभडक धार बाहेर आली. साहेब खूश, ऑर्डर पक्की! मालकांचा हात हातात घेऊन तो भट्टीकडं बघत राहिला. मग इंग्रजीत मला हळूच विचारलं, "आणि त्याच्या शेजारी उभा आहे तो दुसरा? तोही तुमचाच?"

मला तरी शेजारी कुणी दिसत नव्हतं. मी मालकांना मराठीत प्रश्न सांगितला.

मालक मागं वळूनही न बघता म्हणाले, "सांगा त्यास्नी, त्योबी परमनंट!"

यात मी पदरचं काय घातलं म्हणाल, तर एवढंच. मालक वळले नाहीत, असं लिहिलंय.

मालक वळले होते. दोघांना बघूनच ते बोलले.