लाखेखालच्या बरण्या

मामा गेल्याचं आम्हाला मॅन्युएलकाकांनी सांगितलं. ते मामांचे मरोळचे शेजारी. आमच्या अंधेरीच्या दारात सायकल धरून उभे होते आणि आत या म्हटलं तरी येईनात. "वैद्य गेला गं पोरी," ते म्हणाले. "सकाळी चुलीपाशी बसला होता, काढा ठेवला होता... तिथंच कलंडला." मागून आई विचारत होती, कोण आलंय, कोण आलंय. मला तिच्याकडे वळून बघवेना. काकाच शेवटी चप्पल काढून आत आले. या गोष्टीला आता काही आठवडे झाले आहेत. मामांविषयी लिहावं असं रोज वाटतं आणि रोज वही मिटते. मला लिहिण्याची फारशी सवय नाही. कॉलेजात जाणारी आमच्या घरातली मी पहिलीच, म्हणून लिहिण्याचं काम माझ्याकडे येतं एवढंच.

मामा म्हणजे आईचे थोरले भाऊ. मरोळ गावठाणाच्या कडेला त्यांचं कौलारू घर आहे, पुढच्या खोलीत दवाखाना आणि मागच्या खोलीत औषधं. भोवतालची वस्ती बहुतेक ख्रिस्ती शेतकऱ्यांची, मराठी बोलणारी. थोडी आमच्यासारखी घरं. कुणाकडे बाळंतपण झालं की, त्या घरात क्रूस असो की देव्हारा, दशमूलारिष्टाची बाटली मामांकडूनच जायची. माझ्या आईनं माझ्या वेळी तेच घेतलं होतं. मॅन्युएलकाकांच्या बायकोनं पाचही बाळंतपणांत तेच घेतलं होतं. दहा मुळांचा काढा, त्यात गूळ, मनुका, मध आणि धायटीची फुलं घालून मोठ्या बरण्या भरायच्या आणि काकांच्या खळ्यावरून आणलेल्या भाताच्या तुसात पुरून ठेवायच्या. मग ते आतल्या आत आंबत राहतं. त्यात आपोआप थोडा मद्यार्क तयार होतो आणि त्याच्याच जोरावर औषध वर्षानुवर्षं टिकतं. आंबणं चालू आहे तोवर मामा बरणीचं तोंड घट्ट बंद करत नसत. कापड बांधून वरून मातीचा पातळ हात देत, आतल्या वाऱ्याला वाट राहील इतका. मग रोज बरणीला कान लावून बसत. आत बारीक खदखद ऐकू आली की म्हणायचे, "बोलतंय अजून." मॅन्युएलकाका कुंपणावरून ओरडायचे, "काय वैद्य, पोर लाथ मारतंय का?" मामा हसायचे नाहीत, हातानंच गप्प राहा म्हणायचे.

दारूबंदी येऊन काही वर्षं झाली होती. काकांच्या लोकांच्या लग्नातली घरची वाइन तेव्हाच बंद झाली होती, त्यावरून ते सरकारला आणि मामांना सारख्याच शिव्या देत, कारण मामांची बरणी तेवढी चालू होती. मग नियम आला, की ज्या औषधात मद्यार्क तयार होतो, त्याची विक्रीपूर्वी सरकारदरबारी नोंदणी झाली पाहिजे. नाव, घटक, बाटलीवरची चिठ्ठी, सगळं आधी पाठवायचं. इन्स्पेक्टर येऊन नमुना नेईल, उरलेला माल सील करील आणि नमुना पास झाला की मगच विकायचं. "चला, एकाच कोठडीत आलास आमच्याबरोबर," असं काका म्हणाले. मामांना मात्र नियमाचा राग आला नव्हता. औषधाच्या नावाखाली भलतंच विकणारे लोक त्यांना माहीत होते. ते मला म्हणाले, "लिही अर्ज. आता घरात इंग्रजी आहे." तो अर्ज मी फार मन लावून लिहिला. धायटीच्या फुलांना इंग्रजीत काय म्हणतात ते कुणालाच सांगता येईना, शेवटी धायटीच लिहिलं. मामांनी इंग्रजीचं एक अक्षर वाचता येत नसताना तो कागद किती तरी वेळ बघितला.

इन्स्पेक्टर आले ते तरुण होते, सभ्य होते, बूट बाहेर काढून आत आले. पण बरण्या तेव्हा नुकत्याच भरलेल्या होत्या. मामांनी त्यांना सांगितलं, साहेब, नमुना आज न्या हवं तर, पण तोंडं बंद करू नका, अजून ते शांत झालेलं नाही. इन्स्पेक्टरना कापड आणि माती चालण्यासारखं नव्हतं, ते कुणीही उचलू शकतं. त्यांनी नमुना काढून घेतला, बरण्यांवर लाकडी झाकणं ठोकून बसवली, सुतळीनं आवळली, कडेनं सगळीकडे लाख ओतली आणि मोहोर उठवली. मॅन्युएलकाकांनी पंच म्हणून सही केली. मामा पुन्हा एकदा म्हणाले की आत वारा धरेल. इन्स्पेक्टर म्हणाले, निकाल लवकरच येईल.

निकाल आला नाही. इन्स्पेक्टरही दुसरीकडच्या कामावर गेल्याचं कळलं. चारच दिवसांत मामांना बरणीच्या आवाजात फरक वाटायला लागला. त्यांनी मला कान लावायला सांगितला, पण मला माझ्याच कानातलं रक्त ऐकू येत होतं. मग ते कोट घालून मला घेऊन फोर्टातल्या कचेरीत गेले. तिथल्या कारकुनाला मी सगळं समजावून सांगितलं, आधी मराठीत, मग त्याच्या तोंडाकडे बघून इंग्रजीत. तो म्हणाला, "म्हणजे सील तोडायची परवानगी मागताय?"

"तोडायची नाही हो," मामा म्हणाले. "सैल करायची. तुमच्या माणसासमोर."

"सैल केलेलं सील म्हणजे तुटलेलंच ना?"

त्यानं अर्ज द्या म्हटलं, तो मी तिथंच उभ्यानं लिहून दिला. त्यावर पोचल्याचा शिक्का बसला. परतताना मामा एवढंच म्हणाले, की तुझं इंग्रजी ऐकत राहावंसं वाटतं.

त्याच सुमाराला काकांच्या सुनेचे दिवस भरत आले होते. एका संध्याकाळी काका मागच्या खोलीत आले आणि म्हणाले, "उचल ना रे झाकण. वारा जाऊ दे आणि लाख परत लाव. मी काय बघितलं नाही. बायबलवर हात ठेवून सांगीन."

"बायबलवर हात ठेवून खोटं सांगशील?"

"तुझ्यासाठी सांगीन, मग आपलं फादरला जाऊन कबूल करीन. तू तुझं बघ."

मामा म्हणाले, "आणि सापडलो तर? नाव कायमचं गेलं. आज तुझ्या सुनेला एक बाटली देईन, पण पुढे कुणालाच देता येणार नाही. मॅन्युएल, मला हे उजळ माथ्यानं द्यायचंय रे."

काका निघून गेले. त्यांना राग आला होता, आणि मामांना तो कळला होता.

पहिली बरणी फुटली तेव्हा मी तिथंच होते. रविवारची दुपार होती, मामी तांदूळ निवडत होती. आवाज काही फार मोठा झाला नाही, जाड कापड फाटावं तसा झाला. आम्ही मागे धावलो तर बरणी पोटात उभी चिरली होती आणि तुसातून काळसर फेस जमिनीवर येत होता. मामी झटकन पातेलं घेऊन खाली बसली. मामा दारातूनच म्हणाले, "राहू दे. त्याचाही हिशेब द्यावा लागेल." तिनं पातेलं बाजूला ठेवलं आणि आम्ही तिघं ते वाहताना बघत उभे राहिलो. गूळ, मनुका आणि मुळांचा तो वास... रस्त्यावरून जाणाऱ्या दोघा-तिघांनी डोकावून विचारलं, काय वैद्यबुवा, तुमच्याकडची बंदी उठली वाटतं? संध्याकाळपर्यंत आणखी दोन बरण्यांची लाख आपोआप तडकून झाकणं वर आली. आता सील तुटलेलं होतं आणि ते कुणी तोडलं याला साक्षीदार आम्हीच.

मामांनी स्वतः कळवलं, म्हणून तेच इन्स्पेक्टर परत आले. त्यांनी फुटलेली बरणी बघितली, उकिडवे बसून तडकलेल्या लाखेवरून बोट फिरवलं. "मला कळतंय हो वैद्य, काय झालं ते," ते म्हणाले. "पण मी लिहू काय? झाकण आतून उघडलं असं लिहू?" मामांना त्यांचीच दया आली असावी. ते म्हणाले, "जे दिसतंय ते लिहा." सील भंगलेलं आढळलं, असं लिहिलं गेलं. काकांनी पुढे होऊन सांगितलं की मी शेजारी राहतो, वैद्यानं हात लावलेला नाही. पण काका शेजारी होते म्हणूनच त्या सांगण्याचा उपयोग झाला नाही. खटला भरला नाही, ही त्या इन्स्पेक्टरांची कृपा. उरलेलं अरिष्ट मात्र पंचांसमोर मोरीत ओतावं लागलं. मामांनी प्रत्येक बरणी स्वतःच्या हातानं वाकवली. नोंदणी नामंजूर झाली. पुन्हा अर्ज करता येईल, असं कळवलं होतं. मी पुन्हा लिहिला, आणि बरण्या शांत झाल्यावरच सील करावं अशी विनंती त्यात घातली. अर्ज विचाराधीन आहे, असं उत्तर आलं. पुढच्या पत्रालाही तेच आलं. माझ्या पत्रात काही चूक नव्हती, आमच्या प्राध्यापकांना दाखवून घेतलं होतं. चूक सापडली असती तर बरं झालं असतं, असं मला पुष्कळदा वाटलं.

काकांच्या सुनेला मुलगी झाली. त्याच दिवशी मामांनी त्याच दहा मुळांचा ताजा काढा केला आणि तांब्यात घालून त्यांच्या दारी नेला. काढ्यात मद्यार्क नसतो, म्हणून त्याला नोंदणी लागत नाही. पण तो टिकत नाही, रोज नवा करावा लागतो, आणि कडू इतका की सून तोंड फिरवायची. काका तिला दटावायचे, "पी गं, वैद्य धुरात बसलाय तुझ्यासाठी." त्यांचा राग तिथंच संपला. मग दुसऱ्या घरचं बोलावणं आलं, मग तिसऱ्या. मामा उजाडायच्या आत चूल पेटवायचे आणि तासन्‌तास फुंकणी घेऊन बसायचे. दम्याचा त्रास त्यांना जुनाच होता. मामी म्हणायची, पुरे आता, लोकांना दुकानातली बाटली घेऊ दे. मोठ्या कारखान्यांची नोंदलेली अरिष्टं दुकानात मिळायला लागली होती, ती काही वाईट नव्हती. मामा हो म्हणायचे आणि सकाळी पुन्हा चुलीपाशी असायचे. मी एकदा विचारलं, पुन्हा बरण्या भरू या का, मी आणखी एक अर्ज लिहिते. ते म्हणाले, "लिही. पण भरायच्या नाहीत. परत ऐकत बसणं व्हायचं नाही माझ्याच्यानं."

त्या धुरानंच ते गेले असं मी म्हणू नये. डॉक्टरांनी हृदय म्हटलं आहे. मला एवढंच दिसतं, की त्या दिवशीचा काढा उतरवायचा राहिला आणि तो करपून खाली लागला. मामीनं ते भांडं अजून घासायला टाकलेलं नाही.

परवा मी तिला भेटायला गेले होते. चहा करावा म्हणून साखरेचा डबा घेतला तर झाकण नुसतं वर ठेवलेलं, आत मुंग्या. पिठाच्या डब्याचंही तसंच, तेलाच्या बाटलीचं बूच कलतं. मला वाटलं, विसरत असेल बिचारी. मी साखर निवडून झाकण दाबून बसवलं, तेव्हा ती चुलीपासून उठून आली आणि तिनं ते पुन्हा सैल केलं. निघताना तिनं आईसाठी लिंबाच्या लोणच्याची बरणी दिली. वर फडकं बांधलेलं होतं, तेही ढिलंच. बसमध्ये खार सांडून माझ्या वहीची पानं पिवळी झाली. शेजारची बाई म्हणाली, "अगं, गाठ आवळ ना ती." मी हो म्हटलं आणि बरणी तशीच मांडीवर धरून अंधेरीपर्यंत आले.